तंजावरांतील एक दिवस

प्रवास म्हटला कीं आपल्या घरांत आधीं यादी होते. कोण येणार, मागें कोण राहणार, मुलांच्या परीक्षा केव्हां आटोपतात, वडील मंडळींचे गुडघे पायऱ्या चढूं देतील कीं नाहीं, डब्यांत दशम्या किती घ्याव्यात, इतक्या गोष्टींचा मेळ बसला म्हणजे मग तिकिटें. अशा प्रवासांत आनंद नाहीं असें कोण म्हणेल? घर जणूं चाकांवर बसून निघतें, आणि त्याच्या आठवणी पुढें दहा वर्षें पुरतात. परंतु अशा प्रवासांत एक गोष्ट साधत नाहीं. दहा माणसें जेथें उभीं असतात, तेथें सर्वांत आधीं ज्याला कंटाळा येईल त्याच्या घड्याळानें सर्वांस हलावें लागतें. भिंतीवरचा लेख वाचावयाचा असो कीं एखाद्या मूर्तीकडे नुसतें पाहत बसावयाचें असो, "चला आतां, चहाची वेळ झाली" ही हांक येतेच. म्हणून माझें असें मत झालें आहे कीं, घरांतील प्रत्येक जाणत्या माणसानें, पुरुषानें तसेंच बाईनेंहि, वर्षांतून एक दिवस एखादें जुनें शहर एकट्यानें आणि पायीं पाहावें. ह्या महिन्यांत ह्या सदरांत त्याच मताचा एक दाखला वाचकांपुढें ठेवीत आहें.

गेल्या पौषांत आम्ही सर्व श्रीरंगमच्या यात्रेस गेलों होतों. मुक्काम तिरुचिरापल्लीस होता. तेथून तंजावर अवघें पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आगगाडीनें तासा-सवातासाची वाट. यात्रा पुरी होऊन एक दिवस विसाव्याचा राहिला होता. तो मीं मागून घेतला. "एकट्याच जाणार, जाऊबाई? सोबतीला कोणी नको?" असें धाकट्या जाऊबाईंनीं दोनदां विचारलें. सासूबाईंनीं मात्र एका वाक्यांत निकाल दिला, "जाऊं दे तिला. माझ्या नांवानें शंकराला बेल वाहा, आणि दिवेलागणीच्या आंत परत ये." एवढ्या शिदोरीवर मी पहाटेच्या गाडीनें निघालें.

तंजावरच्या स्टेशनापासून बृहदीश्वराचें देऊळ वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर आहे. तमिळ मार्गळि महिना संपत आला होता. दारोदारीं तांदुळाच्या पिठाच्या रांगोळ्या नुकत्याच निघाल्या होत्या, आणि वाहनांची गर्दी अद्याप जागी झाली नव्हती. वाटेंत एक कालवा ओलांडावा लागतो. मेट्टूरच्या धरणाबरोबर १९३४ सालीं तो वाहूं लागला. गांवकरी त्यास अजूनहि 'पुदु आरु', म्हणजे नवी नदी, असेंच म्हणतात. जेथें देऊळच हजार वर्षांचें, तेथें नव्वद वर्षांचा कालवा नवा ठरावा यांत नवल नाहीं.

राजराज चोळानें हें देऊळ इ. स. १०१० च्या सुमारास पुरें केलें. तेरा मजल्यांचें त्याचें विमान दोनशें फुटांहून उंच आहे. सारें काम ग्रॅनाइट दगडाचें. आणि कावेरीच्या ह्या गाळाच्या सपाट प्रदेशांत ग्रॅनाइटची टेकडी जवळपास कोठेंच नाहीं. दगड दुरून आणून, इतका उंच चढवून, ज्यांनीं हें उभारलें त्यांच्या हिशेबी बुद्धीचें मला त्यांच्या भक्तीइतकेंच कौतुक वाटलें. विमानाची सावली जमिनीवर पडत नाहीं असें वाटाडे मोठ्या निष्ठेनें सांगतात. सकाळच्या उन्हांत ती पश्चिमेच्या फरसबंदीवर चांगली लांबलचक पडली होती. तिच्यांतच बसून मीं वही काढली.

ह्या देवळाच्या आवारांत हिंडतांना आपल्या जुन्या वाड्यांची आठवण होते. आजोबांनीं मुख्य चौक बांधावा, वडिलांनीं माडी चढवावी, काकांनीं परसांत खोली काढावी, तसा हा प्रकार आहे. गाभारा आणि विमान चोळांचें. देवीचें मंदिर पांड्यांच्या काळचें, तेराव्या शतकांतलें. एका दगडांतला प्रचंड नंदी आणि नाजूक कोरणीचें सुब्रह्मण्याचें देऊळ हीं नायक राजांचीं. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यांतील गणपतीचें देऊळ मराठ्यांनीं नीट केलें. एका वंशानें दुसऱ्याचें राज्य घेतलें, पण कोणी कोणाचें बांधकाम पाडलें नाहीं. वाटण्या झालेल्या घरांनीं येथें येऊन हें अवश्य पाहावें.

परंतु खरी मौज भिंतींच्या पायथ्याशीं आहे. तेथें ओळींमागून ओळी तमिळ अक्षरें कोरलेलीं आहेत, आणि त्यांचा अर्थ विद्वानांनीं शंभर-सवाशें वर्षांपूर्वींच लावून प्रसिद्ध केला आहे. राजराजाची आज्ञा अशी कीं, आम्ही जें दिलें तें, आमच्या थोरल्या बहिणीनें जें दिलें तें, आमच्या राण्यांनीं जें दिलें तें, आणि इतरांनींहि जें दिलें तें सर्व ह्या दगडावर कोरावें. राण्यांच्या आधीं थोरली बहीण, हें घरांतल्या बायकांच्या नजरेंतून सुटणार नाहीं. तिचें नांव कुंदवै. तिनें दिलेल्या मूर्ती आणि दागिने यांची नोंद वजनांसकट भिंतीवर आहे.

त्याहून मनांत भरला तो दुसरा एक लेख. देवळाच्या सेवेसाठीं निरनिराळ्या गांवांच्या देवळांतून ४०० नर्तकी येथें आणून वसविल्या. त्यांतील प्रत्येकीचें नांव, ती कोणत्या देवळांतून आली तें, आणि कोणत्या गल्लींत कितवें घर तिला दिलें तें, असें सारें त्यांत आहे. प्रत्येकीस वर्षाकांठीं १०० कलम भाताच्या उत्पन्नाचा एक वांटा. ती वारली किंवा गांव सोडून गेली तर तो वांटा आणि ती सेवा जवळच्या नातलगांकडे जावी, हेंहि नमूद केलें आहे. मोठमोठ्या राजांच्या आयांचीं नांवें इतिहासांत सांपडत नाहींत. येथें मात्र चारशें सामान्य स्त्रिया पत्त्यासकट हजार वर्षें नांदत आहेत. कोणी तरी त्यांचीं नांवें लिहून ठेवणें जरूर मानलें, एवढेंच त्याचें कारण.

मराठी वाचकाचे पाय ज्या ठिकाणीं थबकावे तें ठिकाण याच आवारांत, नैर्ऋत्येच्या बाजूच्या भिंतीवर आहे. इ. स. १८०३ मध्यें दुसऱ्या सरफोजी राजांनीं भोसले कुळाचा सबंध इतिहास तेथें मराठींत कोरविला. अत्यंत विस्तृत अशा मराठी शिलालेखांत त्याची गणना होते. शहाजी राजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनीं १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलें, आणि पुढें १८५५ पर्यंत हें घराणें येथें राहिलें. पण लेखाच्या सालाकडे नीट पाहावें. १७९९ च्या तहानें सरफोजींच्या हातचा राज्यकारभार इंग्रज कंपनीकडे गेला होता; त्यांच्याकडे उरला होता तो किल्ला, राजवाडा आणि नेमणूक. त्यानंतर चारच वर्षांनीं हा लेख झाला. राज्य गेलेला राजा आपल्या कुळाची हकीकत आठशें वर्षांच्या भिंतीवर, ती वाचणारे लोक शेंकडों कोस दूर असतांना, आपल्या भाषेंत कोरवितो. फौजेनें जें राखतां आलें नाहीं तें अक्षरांनीं राखावें, हाच विचार त्याच्या मनांत असला पाहिजे.

मी बोट न लावतां, ओळीवरून डोळे फिरवीत, हलक्या आवाजांत वाचीत होतें. जवळ एक वृद्ध गृहस्थ येऊन उभे राहिले. थोड्या वेळानें त्यांनीं मराठींत विचारलें, "हें तुम्हांला वाचतां येतें?" त्यांच्या बोलण्याचें वळण तमिळ होतें, शब्द मात्र माझ्या आजीच्या तोंडचे. त्यांचे पूर्वज राजांच्या चाकरीसाठीं येथें आलेले. घरांत अजून मराठीच बोलतात, परंतु शाळेंत तमिळ आणि इंग्रजी शिकले. हीं अक्षरें त्यांच्या ओळखीचीं नव्हतीं. "लहानपणापासून रोज येथून जातों. आंत काय लिहिलें आहे तें आज ऐकलें," असें ते म्हणाले. मीं मालोजी, शहाजी, एकोजी हीं नांवें आलीं त्या ओळी पुन्हां वाचून दाखविल्या. ते हात जोडून ऐकत राहिले. बरोबर दहा माणसें असतीं तर हा अर्धा तास मला मिळता ना, आणि त्यांनाहि मिळता ना.

दुपारीं देऊळ कांहीं तास बंद असतें, म्हणून तें सकाळींच पाहून घ्यावें. शिवाय उन्ह चढल्यावर त्या फरशीवर अनवाणी पाऊल ठरत नाहीं. तेथून लगतच्या शिवगंगा बागेंत गेलें. तेथील तळ्याच्या कांठीं १७७९ सालचें एक साधें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. सरफोजींचे बालपणींचे गुरु आणि पाठीराखे श्वार्ट्झ नांवाचे जर्मन पाद्री होते. ते १७९८ सालीं वारले. त्यांच्या स्मरणार्थ राजांनीं फ्लॅक्समन ह्या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून एक संगमरवरी शिल्प करवून येथें बसविलें. मरणशय्येवरील गुरूचा हात राजानें हातांत घेतला आहे, असा त्यांतील प्रसंग आहे. सरफोजींनीं धर्म बदलला नाहीं. शिवालयाची सेवाहि सोडली नाहीं. पण ज्यानें आपल्याला शिकविलें त्याचें ऋण त्यांनीं सर्वांदेखत मान्य केलें.

बागेपासून राजवाड्याकडे जातांना जुनें गांव लागतें. वाड्याच्या चारी बाजूंनीं पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशा चार राजवीथि आहेत. त्यांपैकीं पश्चिमेच्या वीथींत बंगारु कामाक्षीचें देऊळ आहे. कर्नाटक संगीताच्या तीन आचार्यांपैकीं श्यामा शास्त्री हे ह्याच देवीचे पुजारी. आज ज्याला भरतनाट्य म्हणतात त्याच्या कार्यक्रमाची बांधणी करणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधु सरफोजींच्या दरबारीं होते. आणि आपली देवघेव एकतर्फी नव्हती. मोरगांवकरबुवांच्या मराठी कीर्तनाचा प्रभाव घेऊन तंजावरच्या कृष्ण भागवतरांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तमिळ हरिकथेला नवें रूप दिलें. आपली साकी, दिंडी आणि अभंग तिकडच्या कथेकऱ्यांच्या तोंडीं रुळले ते तेव्हांपासून.

जेवणासाठीं एका साध्या खाणावळींत बसलें. केळीच्या पानावर वांग्याची, डाळ-खोबऱ्याच्या रसांतली भाजी आली. तिचें नांव विचारलें तर वाढपी म्हणाला, "रसवांगि!" हसूं आवरेना. तंजावरकडच्या स्वयंपाकघरांत पिठल्याचें 'पिट्लै' झालें आहे, आणि आपलें उडदाच्या पिठाचें डांगर 'डांगर पच्चडि' ह्या नांवानें दह्यांत कालविलें जातें. सांबाराचें नांव संभाजीवरून पडलें ही गोष्ट दंतकथेंतच राहूं द्यावी. पण रसवांगीला साक्षीदाराची जरूर नाहीं. राज्यें खालसा होतात. वांगीं खालसा होत नाहींत.

राजवाडा मूळ नायकांचा, पुढें मराठ्यांनीं वाढविलेला. त्याच्या दरबारी दालनांत १९५१ सालीं कलासंग्रहालय स्थापन झालें. तिरुवेंकाडु येथें सांपडलेली वृषभवाहन शिवाची पंचरसी मूर्ति तेथें आहे. ती १०११ सालची. जटांचें पागोटें बांधलेला शंकर बैलाच्या पाठीवर कोपर टेकून उभा आहे. बैल मात्र नाहीं. तो केव्हांच हरवला. तरी हाताच्या ठेवणीवरून बैल किती उंच असेल, कसा शांत उभा असेल, तें सारें कळतें. त्या मूर्तीपुढें मी पाऊण तास बसलें. कोणीहि "चला" म्हटलें नाहीं.

शेवटीं सरस्वती महाल. नायकांच्या वेळचा हा ग्रंथसंग्रह सरफोजींनीं असा वाढविला कीं आज तेथें ४०,००० हून अधिक हस्तलिखितें आहेत. १८२० ते १८२२ ह्या काळांत त्यांनीं काशीयात्रा केली ती सुमारें तीन हजार माणसांसह. आणि यात्रेहून गंगाजळाबरोबर पोथ्या आणल्या. त्यांच्या धन्वंतरी महालांत वैद्य मंडळी रोग्यांच्या नोंदी ठेवीत. नेत्ररोग्यांच्या कागदांवर त्यांच्या डोळ्यांचीं रंगीत चित्रें काढलेलीं आहेत. त्यांनीं छापखाना घातला आणि १८०६ सालीं इसापाच्या गोष्टींचें मराठी पुस्तक 'बालबोध मुक्तावली' ह्या नांवानें छापलें. स्वतः त्यांनीं 'देवेंद्र कुरवंजी' नांवाचें मराठी नाटक लिहिलें. त्यांत भविष्य सांगणारी कुरवंजी पृथ्वीचा भूगोल वर्णन करते. त्यांचे पूर्वज दुसरे शहाजी यांनींहि मराठी नाटकें रचलीं, तीं सतराव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास. सांगलीस विष्णुदास भाव्यांचें 'सीतास्वयंवर' झालें १८४३ सालीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें महत्त्व कळतें.

सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ सालीं निपुत्रिक वारले आणि कंपनीनें वाड्यांतील खासगी चीजवस्तूंसह सर्व कांहीं जप्त केलें. राणी कामाक्षीबाईंनीं दावा लावला. मद्रासच्या न्यायालयांत त्या जिंकल्या. १८५९ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें, ही राज्यकारभाराची कृति असल्यामुळें न्यायालयाच्या कक्षेंत येत नाहीं, असें म्हणून निकाल फिरविला. तरी त्यांची खटपट फुकट गेली नाहीं. १८६२ सालीं सरकारनें खासगी मालमत्ता विधवा राण्यांस परत दिली. १९१८ पासून हें ग्रंथालय सर्व लोकांना खुलें आहे. वाचकाला आज तेथें जें पाहावयास मिळतें त्याच्यामागें एका बाईचा हा झगडाहि आहे, हें विसरूं नये.

याच ग्रंथालयांत मराठी हस्तलिखितें सुमारें ३,००० आहेत, आणि मोडी कागदांचे रुमाल हजाराहून अधिक. दरबारचा जमाखर्च, देवळांचीं देणीं, नेमणुका, यात्रेचा खर्च, असा सारा संसार त्यांत बांधलेला आहे. त्यांतील कांहीं भागाचे सारांश प्रसिद्ध झाले आहेत. पण गठ्ठे मोठे आणि मोडी वाचणारे थोडे. सकाळचे वृद्ध गृहस्थ मला त्या दालनांत पुन्हां आठवले. त्यांच्या घरीं भाषा आहे, अक्षर नाहीं. आणि आपल्या घरीं? पुण्या-साताऱ्याच्या कित्येक वाड्यांच्या माळ्यावर पणजोबांच्या हातचे मोडी कागद पडलेले आहेत. भाषा आपली, गांव आपला, कागदहि आपला. तरी आपण त्यांच्यापुढें त्या गृहस्थांसारखेच उभे आहों. फरक एवढाच कीं दगडाला वाळवी लागत नाहीं.

दिवेलागणीच्या जरा आधींच मी तिरुचिरापल्लीस पोहोंचलें. रात्रीं सर्वांना हकीकत सांगितली, आणि पुण्यास परतल्यावर माळ्यावरील ट्रंक खालीं काढली. पुतण्यानें मोडीचा वर्ग धरला आहे. चार महिन्यांनीं त्याला लागलेला पहिला कागद हा कोणा मोठ्या पुरुषाचें पत्र नव्हतें. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघां भावांत झालेला करार होता तो. खालीं साक्ष म्हणून त्यांच्या विधवा बहिणीचें नांव. त्या बहिणीचें नांव आमच्या वंशावळींत कोठेंच नव्हतें. मामंजींनीं तें आतां स्वतःच्या हातानें लिहून घातलें आहे.

ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील त्यांनीं ते उन्हांत न वाळवितां सावलींत उघडावे, जुन्या घड्या बळेंच मोडूं नयेत, चिकटपट्टी तर मुळींच लावूं नये, आणि घरांतील एकाला तरी मोडी शिकवावी. राज्याचें पुराभिलेख खातें आणि पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याकडे त्याविषयीं चौकशी करतां येते. आणि ज्यांना तंजावर पाहावयाचें असेल त्यांनीं पौष-माघांत जावें. आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत तिकडे पावसाचे दिवस. पायांत सुटसुटीत चपला, जवळ पाण्याची बाटली, वही, आणि आपण कोठें आहों तें घरीं कळविण्यापुरता भ्रमणध्वनि असला म्हणजे पुरे. एकट्या बाईनें जावें कीं नाहीं, असें एका भगिनीनें ह्या सदरास पत्र लिहून विचारलें आहे. दिवसाउजेडीं, रुळलेल्या वाटेनें, घरीं सांगून अवश्य जावें. घर दोन वेळचें स्वतः पाहून घेतें. त्या दिवशीं वरण थोडें खारट होतें, इतकेंच.